चुंबकापासून चार हात

सेलू,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. अर्पितास काकाचे भरभरून आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. फोन सोडून कागद घेतला, कारण कापसाच्या जिनिंगच्या घरघरीत तुझं अर्धं ऐकू येतं अन् उरलेलं मी विसरतो. दसऱ्याला मशिनींची पूजा झाली. मोसम तोंडावर आलाय अन् मला एकच फिकीर लागली हाय.

मागल्या साली कापसातून एक खिळा मशिनीत गेला. ठिणगी पडली अन् रुईच्या ढिगानं पेट घेतला. कामावरच्या सरजाबाई ढीग ओढायल्या होत्या, त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून मी शेटजींच्या मागं लागलोय. आता कुठं ते चुंबक बसवायला तयार झाले. तू हैदराबादेत प्रयोगशाळेत चुंबकाच्याच धातूचं काम करतीस, तर सगळ्यात ताकदीचं कोणतं ते कळव. शाळेला आमच्याकडं होतीस तेव्हा माझे नट खोलायचे पाने दप्तरात घालून न्यायचीस, त्याची ही वसुली समज.

काकू विचारती, जेवतीस का वेळेवर? उत्तर खरं दे.

तुझा,
माणिककाका

हैदराबाद,
२५ ऑक्टोबर २०२४

ती. काका-काकूंना अर्पिताचा वाकून नमस्कार.

वेळेवर जेवते. (जवळजवळ.)

तुम्हाला हवं ते निओडिमियमचं चुंबक. हा धातू ताजा कापला की चांदीसारखा चमकतो, पण हवा लागली की काळवंडतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून प्रयोगशाळेत आम्ही तो तेलात बुडवून ठेवतो. लोखंड आणि बोरॉनबरोबर तो मिसळला की त्याच्याइतकं ताकदवान चुंबक दुसरं नाही. नव्या पंख्यात, विजेच्या स्कूटरच्या मोटारीत, फोनच्या स्पीकरमध्ये, सगळीकडे तेच असतं.

आता नीट वाचा. ते लोखंडावर झेपावतं, मध्ये बोट आलं तर चेंगरतं. लाकडाची फळी मध्ये ठेवूनच उचला, डोळ्यांना चष्मा लावा. वरचा निकेलचा मुलामा खरवडू नका. फार तापलं तर ताकद जाते. आणि तुमची खोड मला माहीत आहे, पण त्याला छिद्र पाडू नका, घासू नका. त्याची भुकटी आपोआप पेटू शकते आणि पाणी मारलं तर आणखी भडकते. तशी वेळ आलीच तर कोरडी वाळू टाकायची. हृदयाला यंत्र बसवलेल्या माणसाला तिथे फिरकू देऊ नका.

पोलादी पेटीत बसवलेली पट्टी मागवा. कापूस मशिनीत पडतो त्या घसरणीखाली बसेल.

माया आहे तशी राहू द्या.
अर्पिता

सेलू,
८ जानेवारी २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद, अन् सरजाबाईंचाही.

पट्टी बसली! माझ्या हाताखालचा बन्सीधर अन् मी मिळून बसवली. लाकडाची फळी घेतली होती, पण शेवटी घाई केली अन् डाव्या हाताची करंगळी चेंगरली. काकूनं तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, बोटापेक्षा ते जास्त झोंबलं.

पण पोरी, काय ओढतंय ते! तारा, खिळे, नट, एकदा तर मोडक्या विळ्याचं पातं. रोज मशीन थांबवून मी वाकून ते सगळं साफ करतो. अजून एकदाही ठिणगी न्हाई. बायका आता मोकळ्या मनानं कामाला बसतात. इतकी वर्षं मशिनी चालवल्या, पण ही एक गोष्ट आपण केली असं वाटतं.

हल्ली जिना चढताना जरा दम लागतो. वय झालं, दुसरं काय. संक्रांतीला ये, तिळाचे लाडू वाट बघायलेत.

तुझाच,
काका

हैदराबाद,
२० जुलै २०२५

ती. काकांना नमस्कार.

संभाजीनगरला दवाखान्यात ऑपरेशननंतर तुम्ही झोपेत होतात, मी हात धरून बसले होते. पेसमेकर नीट बसला, ठोके ठीक पडतायत, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले. मग त्यांनी तुमचं काम काय ते विचारलं.

काका, जे तोंडावर बोलता आलं नाही ते लिहिते. त्या पट्टीवर आता तुम्ही वाकायचं नाही. यंत्राला बाहेरून तपासता यावं म्हणून त्यात चुंबक ओळखणारी सोय असते. पट्टी छातीजवळ आली की त्याला वाटतं डॉक्टरच तपासतायत आणि ते स्वतःची चाल बदलतं. चार हात लांब राहिलात तर काही होत नाही. पण तुमचं काम चार हातांवरून होत नाही, हे मला कळतं.

सगळ्यात ताकदीचं मीच निवडून दिलं. दुसरं कुणी हे पत्र लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

रागावलात तरी उत्तर पाठवा.
अर्पिता

सेलू,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. अर्पीला काकूचे आशीर्वाद.

तुझ्या काकानं तुला सांगू नको म्हणून बजावलंय, म्हणून मी लिहायलेय. मोसम सुरू झाला तसा त्यांना नुसतं हापिसात बसवलं होतं. परवा बन्सीधर लग्नाला गेला अन् पट्टी लोखंडानं गच्च भरली. मशीन बंद, बायका हातावर हात ठेवून बसलेल्या. ह्यांना राहवलं न्हाई. गेले अन् नेहमीसारखे दोन्ही हात घालून वाकले. छातीत ठोके भलत्याच चालीनं पडायला लागले म्हणे, डोळ्यांपुढं अंधारी आली. सरजाबाईंनी सदऱ्याला धरून मागं ओढलं म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, यंत्र चांगलं हाय, फक्त पुन्हा तिकडं जाऊ नका.

ते घरी आले अन् पान्यांची पिशवी बन्सीधरच्या घरी पोचती करायला सांगितली. किती वर्षं मी म्हणत होते, सोडा ती जिनिंग. आता सोडली तर मला बघवंना गेलंय.

लवकर ये.
काकू

सेलू,
५ डिसेंबर २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शेटजींशी बोलून पट्टी काढायला लावते, असं तू लिहिलंस. तसं काही करू नको. आत कितीतरी बायका काम करतात, माझी छाती एकट्याची हाय. पट्टी राहील, मी निघालो. यात तुझा काही कसूर न्हाई. जे मागितलं तेच तू दिलंस.

वाईट वाटतं, ते खोटं कशाला बोलू? जे मी मागून आणलं, त्याच्याच जवळ मला उभं राहता येत न्हाई. सकाळी भोंगा झाला की पाय आपोआप चपला शोधतात.

इतक्या वर्षांत कामावरून मी दिवसाउजेडी कधी घरी आलोच न्हाई. आता रोज दिवेलागणीला घरातच असतो. काल तुझी काकू केर काढायली होती. मला म्हणाली, जरा सरकून बसा. मी उठलो, दाराशी गेलो, परत आलो. अर्पी, संध्याकाळी या घरात माझी बसायची जागा कोणती, हेच मला ठाऊक न्हाई.

येशील तेव्हा चार दिवस काढून ये.
तुझा,
माणिककाका