जावई झडतीला आला

केरी, १० जानेवारी १९२२

चि. सौ. गॉबनेट हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

इंग्रजांशी केलेला करार मंजूर झाला म्हणून चर्चची घंटा वाजली. आयर्लंडमधून इंग्रज जाणार, म्हणून मी केक भाजला. खायचा कुणी? इथे आलेला तुझा नवरा लॉर्कन म्हणाला, मिळतंय तेवढं आता घेऊ. तुझा भाऊ फिन्टन उसळला, की इंग्रज राजाचीच शपथ घ्यायची तर लढलो कशाला! गेल्या साली याच दोघांना मी इंग्रज शिपायांपासून गंजीमागे एका घोंगडीत लपवलं होतं. मला काही उमगत नाही बाई. लॉर्कन उद्या निघेल. डोहाळे कसले लागलेत ते कळव.

तुझीच, आई

डब्लिन, २० जुलै

ती. आईस गॉबनेटचा वाकून नमस्कार.

मुलगा झाला! तोफा थांबल्या आणि हा रडू लागला. आपल्याच माणसांनी आपल्याच शहरावर तोफा डागल्या, आई. शेजारीण विचारते, प्रार्थना कुणासाठी करायची? इंग्रजांच्या लाल पोस्टपेट्या हिरव्या रंगवल्यात, पत्रं मात्र वेळेवर पोचत नाहीत. लॉर्कन करारवाल्यांच्या सरकारी सैन्यात आहे, त्याला जहाजाने कुठेतरी नेताहेत. बाळ त्याने अजून पाहिलं नाही. फिन्टन अजून करार न मानणाऱ्यांबरोबर डोंगरातच आहे का?

माया आहे तशी राहू दे.
गॉबनेट

केरी, ३ सप्टेंबर

चि. सौ. गॉबनेट हिस आशीर्वाद.

लॉर्कन आला होता, शिपाई घेऊन, फिन्टनला धरायला! जावई झडतीला आलेला बघून मी आधी चहा ठेवला. बाळाची बातमी त्याला माझ्याकडूनच कळली. टोपी तोंडावर धरून रडला. माळ्यावर मात्र कुणाला चढू दिलं नाही. म्हणाला, वर नुसती कोंबड्यांची घाण आहे. फिन्टन तिथेच होता. लॉर्कनच्या बाजूचा सेनापती कॉर्कमध्ये मारला गेला, तर आपला हा विरुद्ध बाजूचा पोरगाही जेवला नाही. कोण कुणाचा वैरी, तूच सांग.

वाचून हे जाळ.
आई

केरी, १४ नोव्हेंबर

चि. गॉबनेट,

कसं लिहू? पुलापाशी सरकारी सैन्याच्या लॉरीवर हल्ला झाला. लॉर्कन गेला, पोरी. फिन्टन हल्ला करणाऱ्यांत, तिथल्या झाडीत होता. आत लॉर्कन आहे हे माहीत नव्हतं म्हणतो. गोळी कुणाची, तेही त्याला ठाऊक नाही. बंदूक टाकून घरी आलाय, चुलीपुढे नुसता बसून असतो. त्याला वाढताना माझा हात आखडतो, आणि न वाढताही राहवत नाही. त्याला क्षमा कर असं तुला म्हणायला जीभ रेटत नाही.

आई

डब्लिन, २५ नोव्हेंबर

ती. आईस,

रेल्वेचे पूल उडवलेत, म्हणून बाळाला घेऊन बोटीने येते. फिन्टनला कुठे जाऊ देऊ नकोस. त्याला मारीन की त्याच्या गळ्यात पडेन, माझं मलाच कळत नाही. बाळ अगदी लॉर्कनवर गेलंय. आधी ते फिन्टनच्या मांडीवर ठेवीन. पुढचं पुढे.

गॉबनेट