कातडीच्या डॉक्टरचा बाप

दि. ११ मे

चि. छोट्या यास,
ताईचे अ. उ. आ. (मायना आहे म्हणून लिहिलं. मनापासून समजू नकोस.)

बाबा जिवंत आहेत. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढचं तू वाचशील याचा भरवसा नाही. फोन करत नाही, कारण मी जरा आवाज चढवला की तुला लगेच आवाज येईनासा होतो. पत्राला ती सोय नाही. शिवाय बाबांनी जन्मभर टायपिंगच्या क्लासात पोरांकडून पत्रं घोटून घेतली, तेव्हा आपण भांडायचं तरी मायन्यासकट भांडू. ईमेलने पाठवतेय. पोचलं नाही म्हणायची सोय नाही.

तर बाबांचा तो जुना हर्निया, जो तू दर खेपेला बघू बघू म्हणत कधी बघितला नाहीस, तो अडकला. म्हातारा पोटात कळा येत असताना दोन दिवस गप्प. बेसिनशी ओकताना मी पकडलं, तर चहाचं दूध नासकं होतं म्हणाले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं टीव्हीकडे बोट दाखवलं. टीव्हीवर कोण? तू, कातडीचा डॉक्टर! गालाला पावडर लावून सांगत होतास की ऊठसूट दवाखान्यात धावू नका, थोडं सोसायला शिका, खाटा गरजूंसाठी राहू द्या. बाबा तुझा सातचा कार्यक्रम कधी चुकवत नाहीत. शेजारचे सलूनवाले काका तर साथीमुळे दुकान बंद असल्यापासून रोज आमच्या दारात खुर्ची टाकून बसतात. तू बोललास की दोघं मिळून माना डोलावतात.

अँब्युलन्सवाला फोन उचलेना. शेवटी काकांनी आणि मी बाबांना उचलून माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत घातलं. मागच्या सीटवर त्यांना आडवं होता येईना म्हणून पुढे बसवलं, म्हणजे जिथे मी शिकवायला बसते तिथे. त्या बाजूलाही ब्रेक असतो हे तुला आठवत असेल, त्याच गाडीत तू दोनदा नापास झालास. कळ आली की बाबा पाय ताणायचे आणि गाडी भर रस्त्यात गचकन उभी! मागून हॉर्न, मागच्या सीटवर काका घमेलं धरून, आणि छपरावर भली मोठी शिकाऊची पाटी. पोलिसानं अडवलं आणि साथीच्या दिवसांत कसले क्लास चालवता म्हणून मलाच झापलं.

पहिलं हॉस्पिटल तुझं लाडकं, ज्यांच्या जिवावर तुझा कार्यक्रम चालतो. फाटकावरच्या प्लास्टिकमधल्या माणसानं साथीच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला. तो दोन दिवसांनी मिळतो. मी म्हटलं, तोवर माणूस मरेल. त्यानं फाटकावरच्या मोठ्या पडद्याकडे हात केला. तिथेही तूच! तुझं तेच, घाबरू नका, घरी जा. मी सांगितलं की हा गाडीतला माणूस त्या पडद्यावरच्याचा बाप आहे. तो हसला. म्हणाला, रोज दोन-तीन बाप येतात. तिथूनच तुला फोन लावला तर तुझ्या त्या गोड आवाजाच्या मुलीनं सांगितलं की सर मेकअपला बसलेत.

दुसऱ्या हॉस्पिटलात त्याच्या उलटं. साथीचा पेशंट असेल तरच घेऊ, नसेल तर जागा नाही. एकाला भीती की साथ असेल, दुसऱ्याला दुःख की नाही. असल्या दिवट्यांच्या हाती आपले जीव! मला तिथे काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. माझं नाही, त्यांचं.

शेवटी माझ्या क्लासमागचा बाळंतपणाचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे गाडी शिकल्या. अजून त्यांना गाडी मागे घेता येत नाही, पण निर्णय घेता येतो. बाबांच्या पोटाला हात लावला आणि रिपोर्टबिपोर्ट काही न विचारता आत घेतलं. नवरा सर्जन आहे, त्याला घरून बोलावून घेतलं. आतडं काळं पडलं होतं, वीतभर कापून टाकावं लागलं. आणखी थोडं थांबलो असतो तर आत फुटलं असतं म्हणाले.

आता कान देऊन ऐक. मला तुझ्याकडून फुलं नकोत, फळांची करंडी नको. कार्यक्रमात एक वाक्य म्हण, की छातीत किंवा पोटात जोरात दुखलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. एवढंच. बाबांसारखे माना डोलावणारे घरोघरी बसलेत, रे.

लोभ असावा असं लिहितात. माझा सध्या संपलाय, तुझा शिल्लक असेल तर त्यात भागव.
ताई


दि. १४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या भावना मी समजू शकतो. बाबा सुखरूप आहेत हे वाचून जिवात जीव आला. सर्जनशी मी स्वतः बोललो, त्यांनी काम बरं केलं आहे. सोयी पाहता फारच बरं.

त्या दिवशी मी मेकअपला बसलो होतो हे खरं आहे. फोन तुझा आहे हेही दिसलं होतं. कार्यक्रम उरकून करू असं वाटलं. याबद्दल मला वाईट वाटतं, पण तू नेहमीच तातडीचं म्हणून फोन करतेस, हेही लक्षात घे.

तुझ्या वाक्याविषयी. ताई, तू समजतेस तितकं ते सोपं नाही. लोकांना एकच गोष्ट सांगावी लागते, आणि तीही पुन्हा पुन्हा. एक फट ठेवली की झुंबड उडते. ज्याला त्याला आपलंच दुखणं तातडीचं वाटतं. अपचन झालेली माणसं छाती धरून फाटकावर उभी राहतील. हॉस्पिटलच्या मंडळींशी मी सहज विषय काढून पाहिला, त्यांना ते पसंत पडलं नाही. माझ्या शब्दाला आज वजन आहे ते मी गोंधळ घालत नाही म्हणून.

एक विनंती. बाबांचा एक प्रसन्न फोटो पाठव. केस विंचरलेले असावेत. मागे पाळणे वगैरे दिसू नयेत. आणि चारचौघांत मला कातडीचा डॉक्टर म्हणू नकोस, त्याला त्वचारोगतज्ज्ञ असा चांगला शब्द आहे.

आहे तेवढा लोभ वाढवावा, निदान कमी करू नये.
तुझा
छोट्या


दि. २० मे

चि. छोट्या यास,
अ. उ. आ. वि. वि.

त्वचारोगतज्ज्ञसाहेब, बाबा काल घरी आले. दवाखान्यात त्यांचे मोठे लाड झाले. सगळ्या खोल्यांत बाळंतिणी, आणि मधल्या खोलीत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हे. भेटायला येणारी माणसं दार उघडायची, मुलगा की मुलगी पाहायला वाकायची आणि बाबांची दाढी बघून दचकायची. बाबा प्रत्येकाला गंभीरपणे सांगायचे की मुलगाच झालाय. टाके दुखेपर्यंत हसायचे.

तुझी फोटोची फर्माईश मी केराच्या टोपलीत टाकली होती. पण मी मूर्खासारखी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. मग काय! पोराला आपला फोटो हवाय म्हटल्यावर म्हातारा हरखला. सलूनवाले काका तोंडाला फडकं बांधून सामान घेऊन आले, दाढी केली, कानावरचे केससुद्धा सोडले नाहीत, आणि स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून तुला पाठवून दिला. मला कळलं तेव्हा दोघं शाळेत खोडी करून आलेल्या पोरांसारखे बसले होते. काकांना तर वाटतंय की तू तो पाकिटात ठेवणार आहेस.

मला तसं वाटत नाही. तुला मी लहानपणापासून ओळखते. शेजारणीनं दिलेला खाऊ तू आपलाच म्हणून वाटायचास. तेव्हा नीट बजावून ठेवते, बाबांचा फोटो जर टीव्हीवर दिसला तर आधी ते वाक्य ऐकू आलं पाहिजे. आजार सांगायचा तर ऑपरेशनही सांग, आणि कुठे झालं तेही सांग. नाहीतर फोटो उशाशी घे आणि गप्प बस.

अपचन झालेली माणसं छाती धरून येतील म्हणतोस. येऊ देत की! तपासा आणि हाकला. डॉक्टर त्यासाठीच असतात ना? का तेही आता पडद्यावरच्यांना शोभत नाही?

लोभाचं नंतर बघू. आधी वाक्य.
ताई


दि. २५ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल तुम्ही कार्यक्रम पाहिलाच असेल. मला राहवलं नाही म्हणून लगेच लिहितो. तुमचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मी कॅमेऱ्यासमोर हात जोडले. मी सांगितलं, की हे माझे वडील. पोटात असह्य वेदना असूनही हे घरी थांबले, घाबरले नाहीत, कुणाची खाट अडवली नाही, आणि आज पाहा कसे ठणठणीत आहेत. बाबा, तुम्ही कल्पना करू शकणार नाही इतके फोन आले. लोकांना केवढा धीर आला! हॉस्पिटलवाले तुमचा फोटो फाटकावरच्या पडद्यावर दाखवणार आहेत.

ऑपरेशनचं सांगायला वेळ उरला नाही. ताई त्यावरून बोलेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिला मोठं चित्र दिसत नाही. तुम्ही मला समजून घेता, नेहमीच घेत आलात.

तब्येतीला जपा. पाठीवर हात असू द्यावा.
तुमचा
छोट्या


दि. २ जून

चि. छोट्या यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मशीनवर टाइप केलं आहे, ताई त्याचा फोटो काढून ईमेलने पाठवेल. बसवत नाही फार, तेव्हा चुका दिसतील. पूर्वी मी चुकांचे गुण कापत असे, तू खुशाल काप.

सलूनवाले गेले. परवा सकाळी. तुला ताईनं कळवलं नाही, कारण मी तिला थांबवलं. हे मीच लिहायचं होतं.

तुझा तो कार्यक्रम आम्ही दोघांनी मिळून पाहिला. फोटो आला तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. आपण काढलेला फोटो टीव्हीवर म्हणून सगळ्या जिन्याला हाका मारून दाखवत होते.  तू ऑपरेशनचं सांगशील, आत्ता सांगशील म्हणून मी शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाट पाहिली. मग त्यांना काही बोललो नाही, कारण माझा मुलगा अर्धंच बोलला हे माझ्या तोंडानं सांगायची मला लाज वाटली. ऑपरेशन त्यांना काय, ठाऊकच होतं. घमेलं धरून तेच तर होते गाडीत. मला वाटलं, माहीत असलेल्या माणसाला काय सांगायचं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांची बायको म्हणाली मास्तरांच्या मुलीची गाडी बोलावू. ते म्हणाले, मास्तरांनी एवढं सोसलं, माझं काय मोठं, उगीच कुणाची खाट कशाला अडवू. भिंतीपलीकडे मी झोपलो होतो, ताई घरात होती, गाडी दाराशी होती. सकाळी बायको चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते.

ती बाई मला भेटायला आली. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की मुलगा डॉक्टर असताना तुम्ही स्वतः खरंच का थांबला होतात. ताईला वाटतं, तुझं ऐकून थांबलो. तुलाही तेच वाटत असणार, ते तुला सोयीचं आहे. अरे, मी तुझं कशाला ऐकेन? तू कातडीचा डॉक्टर. माझ्या पायाची खाज तुला बरी करता आली नाही. मी थांबलो कारण टीव्हीवर घरी बसा सांगणाऱ्याचा बाप दवाखान्यात पळाला म्हणून लोक तुला हसले असते. तुझं हसं होऊ नये म्हणून मी दात आवळून पडलो होतो. तिला हे सांगितलं. ऐकून घेतलं आणि गेली. आता दार उघडत नाही, आणि मीही वाजवत नाही.

माझी सहनशक्ती तू विकलीस, छोट्या, आणि ती खरी सहनशक्तीसुद्धा नव्हती, नुसती बापाची माया होती. त्या मायेवर माझा मित्र गेला. मला तुझी चीड येत नाही. चीड यायला समोर कुणीतरी असावं लागतं. तुझ्याकडे पाहिलं की मला फक्त पावडर दिसते.

आता कामाचं. मी कार्बन घालून कागद टाइप केले आहेत. सलूनच्या शटरवर लावला, आपल्या जिन्यात लावला, डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दारावर लावून घेतला. आज ताई मला गाडीतून तुझ्या हॉस्पिटलच्या फाटकाशी नेणार आहे. पडद्यावर माझा फोटो चालू आहे म्हणे, त्याच्याच खाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटणार आहे. मजकूर तुला माहिती असावा म्हणून देतो: वर फोटोत दिसतो तो मी. मी घरी थांबून बरा झालो नाही, पोट कापून बरा झालो. छातीत किंवा पोटात जोरात दुखलं तर एक क्षण थांबू नका. टीव्हीवर सांगणारा माझा मुलगा आहे, त्याचं ऐकू नका.

खाली नाव घातलेलं नाही, डॉक्टरांचा बाप एवढंच घातलं आहे. तू येऊन माझ्याशेजारी उभा राहिलास तर त्याचं ऐकू नका ही ओळ मी खोडेन. नाही आलास तर लोक तुला हसतील, आणि या खेपेला मी मध्ये पडणार नाही.

एकदा दिलेले आशीर्वाद परत घेता येत नाहीत, म्हणून आहेत.
बाबा