सदतीस आणि अडतीसच्या मधला राजा

३ मार्च, सकाळी सात
आजपासून चिडायचं नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, मलाच गरज वाटली. आता माझ्याकडे जबाबदारीचं काम आहे. कॉम्प्युटरवर राज्य चालवायचा एक भलामोठा खेळ निघतोय आणि त्या कंपनीने मला इतिहासाचा सल्लागार नेमलं आहे. ओळख मेहुण्याने करून दिली, तो तिथे खुर्च्या पुरवतो. पण निवड झाली ती माझ्या अभ्यासावर.

एकोणीस वर्षं एकाच राजावर काम केलं. पुस्तक काढलं. कॉलेजच्या लायब्ररीतली प्रत खिडकी आपटू नये म्हणून फटीत लावतात. दोन वर्षांनी मी रिटायर होणार. राजे या खेळात आले तर निदान पोरंसोरं त्यांचं नाव तरी घेतील. मला एवढंच हवंय.

५ मार्च
पहिली मीटिंग. प्रमुख म्हणजे एक तरुण, मागे पोनीटेल. मी त्याला मनात पोनीटेलच म्हणतो. शेजारी एक मुलगी, खेळाचे सगळे नियम आणि आकडे तिच्याकडे. ती आकडेवाली. राजांवर दीड तास बोललो. दोघं भारावून गेले. पोनीटेलने तर डोळेच मिटले होते.

शेवटी आकडेवालीने विचारलं, राज्य किती वर्षं केलं. म्हटलं, तीन वर्षं चार महिने. ती म्हणाली, मग अवघड आहे सर, आपली एक चाल पाच वर्षांची. सदतिसाव्या चालीला कॉम्प्युटर बघतो गादीवर कोण, तर राजांचा काका. अडतिसाव्या चालीला बघतो, तर राजांचा मेहुणा. मधल्यामध्ये राजे येऊन गेले हे कॉम्प्युटरला कळतच नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. चिडलो मात्र नाही. फक्त उभा राहून बोललो. काचेपलीकडचे लोक माना वळवून का बघत होते कोण जाणे.

६ मार्च
काकाने बेचाळीस वर्षं राज्य केलं म्हणे. केलं काय? दोन तलाव खणले आणि झोपला. तो आठ चाली अडवून बसलाय आणि माझ्या राजांना उभं राहायला जागा नाही! हिला सांगितलं. ही म्हणाली, ते तलाव अजून आहेत ना? या घरात बोलण्यात अर्थ नाही.

९ मार्च
मागणी ठेवली, एक चाल एका महिन्याची करा. आकडेवाली म्हणाली, मग एक डाव संपायला चारशे तास लागतील. मग लागू देत की! मला एकोणीस वर्षं लागली, मी कुठे तक्रार केली? (केली, पण तो विषय वेगळा.)

१० मार्च, दुपारी
राजीनामा दिला. अकरा पानं, सत्तेचाळीस तळटीपा. आता धाबं दणाणेल त्यांचं.

संध्याकाळी: उत्तर आलं. पान सातवरचा मुकुट छान आहे, मोठा फोटो मिळेल का? पाठवला. राजीनामा तूर्त मागे. माझ्यावाचून त्यांचं अडतंय हे दिसतंच आहे.

१६ मार्च
उपाय सापडला. राज्यच वाढवायचं! रजा टाकून दफ्तरखान्यात बसणार आहे. राजांचा ताम्रपट नीट वाचला तर पाच वर्षं सहज निघतील.

२१ मार्च
ज्या ताम्रपटावरून मी राजांचं शेवटचं सव्वा वर्ष धरलं होतं, तो राजांचा नाहीच. मेहुण्याचा आहे. खाली नाव सरळ कोरलंय. एकोणीस वर्षांपूर्वी तिथे उजेड कमी असावा.

म्हणजे राज्य उरलं दोन वर्षं एक महिना. मेला तो मेहुणा, मेल्यावरही पिच्छा सोडत नाही. ही गोष्ट या वहीबाहेर जाणार नाही.

२८ मार्च
मला ठाऊकच होतं. आकडेवालीने फक्त राजांसाठी एक छोटा डाव करून दिला, एक चाल एक महिन्याची. पोनीटेल म्हणाला, तुम्ही खेळून बघा, राजे पाच वर्षं टिकवून दाखवलेत तर घेऊ. मी हसलो. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

२९ मार्च
सात महिने. मेहुण्याला पहिल्याच चालीत कैदेत टाकला. तो पुढे काय दिवे लावणार हे मला माहीत असताना मोकळा सोडू? तर सैन्य बिथरलं. खेळात चूक आहे. तशी मेल केली.

३० मार्च
पाच महिने. प्रधान सारखा मध्येमध्ये सल्ला देतो. कुणी विचारलं होतं? काढून टाकला.

३१ मार्च
सकाळी चार महिने. दुपारी चार. संध्याकाळी मोजले नाहीत. नवा संकल्प: कॉलेजातून आल्या आल्या खेळायचं नाही, आधी चहा घ्यायचा.

२ एप्रिल
कॉलेजातून आलो तर माझ्या खुर्चीवर ही. स्क्रीनवर राजे. अकरा वर्षं झाली होती आणि राज्य चालूच! कसं म्हणून विचारलं. म्हणाली, मेहुण्याला एक किल्ला दिला सांभाळायला, तो तिकडे खूश. प्रधान सांगेल ते ऐकलं. कुणी वाकडं बोललं की पुढची चाल दाबली.

म्हटलं, हा माझा राजा नव्हेच. तो असा नव्हता, स्वाभिमानी होता. म्हणाली, नसेल, पण हा आहे अजून. अंगाचा तिळपापड झाला. चहासुद्धा घेतला नाही.

४ एप्रिल
दोन दिवस हिच्याशी अबोला धरला होता. आज सोडला. तिला कळलाच नव्हता.

९ एप्रिल
राजे खेळात आले! पोनीटेलचा स्वतःहून फोन. म्हणाला, नव्या खेळाडूला पहिला धडा म्हणून राजेच दाखवणार. राज्य कसं जातं ते आधी शिकवायचं. आणि म्हणाला, चाचणी घेतलेल्या माणसांत तुमच्याइतक्या झटपट राज्य कुणीच घालवलं नाही सर, तुमच्या सगळ्या चाली नोंदलेल्या आहेत, त्या तशाच्या तशा वापरतो.

माझ्या चाली! खेळ विकत घेणारा प्रत्येक जण आधी माझ्या राजांना भेटणार. काका नंतर. माझ्या मेहुण्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हणाला, वा. नुसतं वा. जळतो.

६ जून
खेळ आला. राजे येतात. मुकुट झकास. मग मेहुण्याला कैद करतात, प्रधानाला हाकलतात, दरबारात उभे राहून ओरडतात, दारापाशी उभी असलेली माणसं बघत राहतात. सैन्य निघून जातं. चार महिन्यांत गादी गेली. सगळं मिळून सहा मिनिटं. खाली एक ओळ: तुम्ही असं करू नका.

एकोणीस वर्षं! संताप संताप झाला. तिथल्या तिथे राजीनामा लिहिला, एकच ओळ. उत्तर आलं, तुमचा करार गेल्या महिन्यातच संपलाय, शुभेच्छा.

७ जून
पेपरात पत्र लिहिणार होतो. उद्या लिहीन.

८ जून, रविवार
नवव्या चालीत नदीचं जुनं पात्र दिसतं, ते मी दुरुस्त करून दिलं होतं. तेवढंच काय ते माझं. हिला दाखवायचं होतं. पण कॉम्प्युटर दर वेळी त्या धड्यापासूनच सुरू करतो. सकाळी एकदा बंद पडला, पुन्हा सहा मिनिटं. मग वीज गेली, पुन्हा सहा मिनिटं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ही चष्मा पुसत शेजारी येऊन बसली होती. कोपऱ्यात एक बटण असतं, ‘वगळा’. राजे नुकते आत येत होते.

दाबलं.

हिने चष्मा लावत विचारलं, आत्ता कोण गेलं. म्हटलं, कुणी नाही, सुरुवातीचं असतं ते.