लांब नाकाचे प्लग

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, दुपार

प्रिय चारुता,

तुझ्या वकिलांनी पाठवलेला कागद काल मिळाला. त्यात माझं वय चुकलंय, तुझ्या सासऱ्यांच्या, श्रीधररावांच्या नावामागे 'कैलासवासी' लावायचं राहिलंय आणि 'अशिक्षित व अकुशल मिस्त्री फकिरा याने बेफिकिरीने चुकीचे स्पार्क प्लग निवडून बसवल्यामुळे' आपला हिमांशू गेला, या वाक्याखाली मी साक्षीदार म्हणून सही करायची आहे. अकुशल! ज्याने श्रीधररावांची जुनी गाडी बावीस वर्षं चालती ठेवली तो अकुशल. या वकिलाला बॉनेट कुठून उघडतं ते तरी ठाऊक आहे का? तू नाशिकला माहेरी आहेस, तुला इथलं दिसत नाही. फकिराचं गॅरेज दोन महिने बंद आहे. शुक्रवारी तारीख आहे आणि तो तुरुंगात जायचा की नाही ते बरंचसं माझ्या सहीवर ठरणार आहे. म्हणून आधी तुला सगळं नीट सांगते. फोनवर तू रडतेस, मी गप्प बसते, आणि बोलायचं ते राहूनच जातं.

सुलेखावन्सं परवा येऊन म्हणाल्या, "एवढ्याशा प्लगनं कुठं माणूस मरतो?" मरतो. साध्या इंजिनात हवा आपसूक आत ओढली जाते. हिमांशूच्या गाडीतला टर्बो ती कोंबून भरतो. अशा दाबात ठिणगी पडायलाच जड जातं, म्हणून प्लगच्या दोन टोकांमधली फट कमी ठेवतात. शिवाय आत आगीचा लोळ असतो, म्हणून प्लग 'थंड' जातीचा लागतो, म्हणजे आपल्या अंगातला ताप भराभर बाहेर सोडणारा. गरम जातीचा घातला तर त्याचं टोक लालच राहतं आणि ठिणगीची वाट न बघता पेट्रोल भलत्या वेळी पेटवतं. पिस्टन वर येत असतानाच स्फोट. गावात हळू चालवताना काही कळत नाही. चढावर किंवा कुणाला ओलांडताना पाय दाबला की पिस्टन वितळतो. फर्दापूरच्या पुढे तेच झालं. कापसाच्या ट्रकला ओलांडताना ऐन मध्यावर इंजिन बसलं आणि समोरून दुसरा ट्रक आला. दुपारचे साडेबारा वाजले होते, सोयगावला एक वाजता त्याची मीटिंग होती.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. जानेवारीत तो पुण्याहून 'सर्व्हिसिंग' करून आला असं तुला वाटतं. त्याने तिथे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून टर्बोचा दाब वाढवून आणला होता. मला सांगितलं, तुला नाही. म्हणाला, चारुता कटकट करेल. मी त्याचा कान धरायला हवा होता. पण छत्तीस वर्षांचा मुलगा बायकोला न सांगता आईला काही सांगतो, याचं मला सुख झालं. लिहायलाही लाज वाटते, पण झालं खरं.

फकिराला कळल्यावर तो हिमांशूवर केवढा ओरडला! "दादा, दाब वाढवला तर प्लग एक पायरी थंड पायजे. ह्याच्यावर सात हाय, आठ आणा. तोवर गाडी दामटू नका." सात, आठ हे प्लगवरचे आकडे. त्या कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड. क्रांती चौकातल्या दुकानात त्या कंपनीचा आठ नव्हता. पंधरा दिवस थांबा म्हणाले. दुसऱ्या एका परदेशी कंपनीचा आठ होता, आटे तेच, लांबी तीच. तो आणला गेला.

फकिराने डबी उघडली, प्लग उजेडात धरला आणि आतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या टोकावर नख ठेवलं. म्हणाला, "ह्याचं नाक बघा, लई लांब हाय. लांब नाक म्हंजी गरम प्लग. आठ असू दे नायतर अठरा, ह्यो टर्बोला नाय चालायचा. ज्याच्या त्याच्या कंपनीचा आकड्याचा कायदा येगळा असतो. तक्ता बघा येकदा, मला विंग्रजी येत नाय." तक्ता डबीतच घडी घालून ठेवलेला होता. तो वाचू शकेल असं माणूस तिथे समोर उभं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं, चिकलठाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलेलं, हजारो सुट्या भागांचे नंबर तोंडपाठ असलेलं. मी त्याला म्हणाले, "फकिरा, तू पान्हा चालव. वाचायचं काम माझ्यावर सोड." त्याच्याकडची दोन पोरं हसली. त्याने हिमांशूकडे पाहिलं. हिमांशू म्हणाला, "आईने आणलेत ना, मग बसव. आई नंबर चुकत नाही." फकिराने बसवले. बसवले त्यानेच, हे वकिलाने खरं लिहिलंय. सहा दिवसांनी हिमांशू सोयगावला निघाला.

बाराव्या दिवशी गाडीच्या तपासणीचा अहवाल घेऊन फौजदार घरी आले. तू झोपेची गोळी घेऊन आतल्या खोलीत झोपली होतीस. त्यांनी विचारलं, प्लग कोणी निवडले? मी म्हणाले, मिस्त्रीने. विचार करून नाही म्हणाले. तोंडातून गेलं आणि मग परत घेतलं नाही. फकिरा तेव्हा दारातच होता, त्यालाही बोलावलं होतं. तो काही देवमाणूस नाही, गप्प बसला नाही. ओरडलाच, "बाई, खोटं बोलू नका! तुमीच आणले, मी नको म्हणलो होतो. देवाला भिऊन सांगा!" फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ते त्याला म्हणाले, "आवाज खाली. मॅडम शिकलेल्या आहेत, त्या कशाला खोटं बोलतील?" गॅरेजमधल्या त्या दोन पोरांचं तर कोणी नावही विचारलं नाही. माझी नीट मराठी, नीट नेसलेली साडी आणि अधूनमधून येणारं इंग्रजी एवढा पुरावा त्यांना पुरला. मला कधी नव्हे तो माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला.

ते गेल्यावर मी गॅरेजमधून घरी आणून ठेवलेली प्लगची डबी काढली. स्टोअर्सची सवय जात नाही, तिच्यावर माझ्या अक्षरात तारीख आणि 'आठ, थंड' असं लिहिलेलं आहे. आतला तक्ता त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. दुसऱ्याच ओळीत आहे, ठळक छापलेलं: आकडा जितका मोठा, तितका प्लग गरम. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. दोन महिने मी ती डबी पोलिसांपासून आणि तुझ्यापासून लपवली. तू फकिराला शिव्या दिल्यास तेव्हा तुझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तक्रारीचा मसुदा तुला मीच सुधारून दिला.

काल संध्याकाळी त्याची बायको साळूबाई आली होती. रडली नाही, बसलीही नाही. दारातूनच म्हणाली, "तुमचा ल्योक गेला म्हणून आमी दोन महिने तुमच्या दारात आलो नाय. आता माझा माणूस चाललाय. येक डाव खरं बोला, मग काय करायचं ते करा." आणि गेली.

उद्या सकाळी अकरा वाजता मी ठाण्यात डबी आणि तक्ता देणार आहे आणि पहिला जबाब खोटा होता असं लिहून देणार आहे. खोट्या जबाबाबद्दल जे व्हायचं ते होऊ दे. हे पत्र आत्ता कुरियरने निघेल, उद्या सकाळी तुझ्या हातात असेल. ठाण्यातून तुला फोन येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही. मला फोन करू नकोस, भेटायला येऊ नकोस, मोठ्या मनाने माफ तर मुळीच करू नकोस. तक्रार तुझ्या नावाने आहे. तिच्यातलं फकिराचं नाव खोड आणि तिथे माझं लिही.

तुझीच,
हिमांशूची आई