पायी चालणारा साहेब

१ नोव्हेंबर २००९, रविवार. पहाट.

संकल्प झाला. दर रविवारी सातपुड्याच्या पायथ्याशी पदभ्रमण, आणि बुधवारच्या अंकात त्यावर स्तंभ. नाव 'पायवाट'. संपादकांनी अकोल्याहून फोनवर तत्त्वतः मान्य केलं. अट एकच: महिनाअखेर किमान वीस वाचक माझ्याबरोबर चालताना दिसले पाहिजेत, फोटोसकट. मग स्तंभ कायम, आणि वर माझं नाव. शाळेत संस्कृत शिकवून वीस वर्षं या तालुक्याच्या बातम्या देतो. वीस वर्षं माझं नाव 'वार्ताहर' आहे, तेही कंसात. संस्कृतचा एम.ए. कंसात ठेवणाऱ्या समाजाचं पुढे काय होणार, ते दिसतंच आहे.

साहित्य: नवे बूट, हॅट, वेताची काठी, मेहुण्याची दुर्बीण. पुष्पांजली म्हणाली, अहो, एवढं नटून निघालेच आहात तर जाता जाता दळण टाकून या. पत्नीला पदभ्रमणाचं मर्म कळायला वेळ लागेल.

तोच दिवस. सकाळी नऊ.

परत आलो. लोक चालू देत नाहीत. फाट्यापर्यंत पोचेतो तीन मोटरसायकली थांबल्या. प्रत्येकाचं तेच: गुर्जी, पायी काऊन? गाडी बंद पडली का? म्हटलं, चालायला निघालोय. हाव, पण चालले कुठी? कुठेच नाही म्हटल्यावर एकानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. चौथ्याच्या मागे बसलो. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. त्यानं घरापाशीच सोडलं. संताप आला. संध्याकाळपर्यंत टिकला.

दळण राहिलं. त्यावरूनही बोलणी.

४ नोव्हेंबर, बुधवार.

'सातपुडा पदाति मंडळ' स्थापन. अध्यक्ष मी. सदस्यही तूर्त मीच. शेजारच्या शेषरावांना गळ घातली. म्हणाले, कापसाची वेचनी चालू हाये, मजूर भेटून नाही राह्यला, अन तुमी फिरायले बलावता? तिथून आनाचं काय? म्हटलं, काही नाही. मंग काही नाही ते इथूनच आना की, म्हणाले. हा तर्क खोडता आला नाही म्हणून जास्त राग आला. न्यायशास्त्राचा अभ्यास पुन्हा सुरू करणे. पुढच्या महिन्यापासून.

८ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

एस.टी.नं पिंपळझिरा. डोंगराला टेकलेलं शेवटचं गाव. बेत असा: गावापासून झऱ्यापर्यंत चालणे, तिथे चिंतन, परत. या गावच्या बातम्या मी वीस वर्षं देतो, फोनवर विचारून. गाव प्रथमच पाहिलं. बरं आहे.

उतरून बूट आवळतो तोच पारावरून एक म्हातारे उठले. निवृत्तीबुवा. त्यांनी हॅट पाहिली, दुर्बीण पाहिली. म्हणाले, साहेब, पायी आले? मग मागे वळून लोकांना म्हणाले, रविवारचा आला, अन पायी. हा लय मोठा साहेब दिसते बे. मी नम्रपणे मान लववली. 'पायवाट'चा पहिला लेख अजून छापून यायचाय. पण गुणी माणसाची कीर्ती छपाईसाठी थांबत नाही.

झऱ्याकडे मात्र जाऊ देईनात. कोकिळाबाई म्हणून एक ठसकेदार बाई पुढे झाल्या. पयले माह्यं वावर पाहा, म्हणाल्या, मंग कुठीही जा. नवरा नाही, तीन एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, एकट्या करतात. धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, नेलं. पऱ्हाटी लाल्या रोगानं शेंड्यापासून बुडापर्यंत लाल. पान हातात घेतलं की चुरा. बीटीचं बियाणं; पिशवीवरच्या चित्रात बोंड मुठीएवढं, झाडावर सुपारीएवढं. वाईट वाटलं. पण मी काही शेतीखात्यातला नव्हे. आणि तेवढ्यात पलीकडच्या वाळक्या बाभळीवर नीलकंठ येऊन बसला. दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिला. बाई श्वास रोखून उभ्या. मग हळूच म्हणाल्या, दिसलं का साहेब? म्हटलं, स्पष्ट दिसलं. समदं? म्हटलं, रंगासकट. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खेड्यात पक्षिप्रेम इतकं खोल असेल अशी कल्पना नव्हती.

जेवायला बेसन, भाकर, ठेचा. गोड चहा दोनदा. शेगावच्या डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, पण चाहत्यांचं मन मोडणं बरं नव्हे. झरा राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हटलं.

११ नोव्हेंबर, बुधवार.

लेख सहाव्या पानावर आला. मथळा 'पायवाट' नाही. 'पिंपळझिऱ्यात नीलकंठ आढळला'. चार ओळी. त्याखाली बियाण्याची जाहिरात. तिच्यातलं बोंड माझ्या लेखापेक्षा मोठं. सुरुवात: पिंपळझिरा (वार्ताहर). संपादकांना फोन केला. म्हणाले, आधी वीस माणसं दाखवा. फोन आपटला. तो मोबाईल आहे हे आपटल्यावर लक्षात आलं.

१५ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

दिग्विजय. गाव वाट पाहत उभं होतं. वीस काय, तीसेक माणसं. सूचना दिल्या: एका रांगेत चला, बोलू नका, मी थांबलो की थांबा. शब्दशः पाळल्या. एवढी शिस्त वर्गात कधी पाहिली नाही. प्रत्येकानं आपापल्या धुऱ्यावर नेलं. सगळीकडे लालच लाल, बघवत नव्हतं, म्हणून मी जास्त करून वर झाडांकडे पाहिलं. चढावर मनात देव शब्द चालवत गेलो, पावलांना लय येते. चतुर्थीपर्यंत दम पुरला. मग वावरातच बसलो. निवृत्तीबुवांनी उपरण्यानं वारा घातला. म्हणाले, वावरात बसनारा साहेब पयल्यांदा पाह्यला. बाकीचे रोडवरूनच मान फिरवतेत. किती नेमकं निरीक्षण.

निघताना त्यांनी विचारलं, आता आनखी कोनी पाहाले याचं काम नाही ना? म्हटलं, मुळीच नाही. मी जातीनं सगळं पाहिलं.

फोटोवाला न्यायचा राहिला. झराही.

१८ नोव्हेंबर, बुधवार.

सकाळीच हैदरभाई लूनावरून घरी. हे पिंपळझिऱ्याचेच. दोन्ही रविवारी कापूस घेऊन नांदुऱ्याला गेले होते, नाहीतर त्यांनी मला ओळखलं असतं. पुष्पांजलीनं दिलेला चहा बाजूला सारला अन विचारलं, गुर्जी, तुमी कोन्त्या खात्यात लागले?

झालं ते असं. सोमवारी तलाठी लाल्याची पाहणी करायला निघाला होता. पाहणी झाली तरच गाव सरकारी मदतीत बसतं. गावानं त्याला वेशीवरच सांगितलं, झाली पाहनी. मोठे साहेब दोनदा येऊन गेले, पायी, दुर्बीन लावून पाह्यलं. तलाठ्यानं मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही. बरं म्हणाला आणि वळवली. कचेरीत कळवलं: पिंपळझिरा, पाहणी पूर्ण, नुकसान नाही. येत्या सोमवारी मुदत संपते.

म्हटलं, मी साहेब आहे असं कधी म्हणालो? हैदरभाई म्हणाले, नाही असं तरी कव्हा म्हनले? म्हटलं, मी पदभ्रमणाला गेलो होतो. म्हंजे? म्हटलं, फिरायला. म्हणाले, वेचनीत? लूनाला किक मारताना पुन्हा म्हणाले, लोकाइच्या वावरात?

पुष्पांजली आत हसली. तलाठ्याचा राग आला, गावाचा आला, हैदरभाईंचा आला. शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, दोष दुर्बिणीचा. मेहुण्याला परत केली.

१९ नोव्हेंबर, गुरुवार.

तहसील कचेरी घरापासून हाकेवर. रिक्षानं गेलो, काम निकडीचं होतं. बाबू म्हणाला, झालेली पाहणी पुन्हा कशी होईल? म्हटलं, झालेलीच नाही. म्हणाला, असं कसं, मोठ्या साहेबांनी जातीनं केली. म्हटलं, तो मीच. बाबू ताडकन उठला, खुर्ची पुढे केली. म्हटलं, साहेब नव्हे, वार्ताहर. खुर्ची मागे घेतली. मग बातमी द्या, म्हणाला.

बाकीच्या गावांची पाहणी कशी झाली ते विचारलं. झाली, म्हणाला. कशी? रोडवरून. एका दुपारात पुरा पट्टा, मोटरसायकलवरून.

असा राग आयुष्यात आला नव्हता. या हंगामात या पट्ट्यातली वावरं पायी तुडवून पाहिली ती फक्त एका माणसानं, आणि तो पक्षी पाहायला गेला होता.

निर्णय: पुरं गाव चालवत कचेरीवर आणणार. अकरा किलोमीटर. नेतृत्व माझं. फोटोवाल्याला कळवलं. वीस माणसं हवीत ना संपादकांना?

२० नोव्हेंबर, शुक्रवार.

पिंपळझिऱ्याला गेलो. कोणी पारावरून उठलं नाही. मोर्चा रविवारी ठेवला होता, पदभ्रमणाचा वार म्हणून. कोकिळाबाई म्हणाल्या, साहेब, रविवारी कचेरीले कुलूप राह्यते. कुलपाले सांगाचं का आमचं गाऱ्हानं? त्या अजून मला साहेब म्हणतात. सूर मात्र बदललाय. सोमवार ठरला. त्या दिवसाची वेचणी बंद, म्हणजे मजुरी बुडणार. तरी बायकांनीच हो म्हटलं. मी सुचवलं की मार्गदर्शन करून मी परस्पर कचेरीपाशी भेटतो. बाई म्हणाल्या, पोटभर बेसन खाल्लं ना माह्या घरचं? आता चालाच लागते.

२३ नोव्हेंबर, सोमवार.

पाऊणशे माणसं. प्रत्येकाच्या हातात उपटलेली लाल पऱ्हाटी. मी सर्वांत पुढे, काठी उंच धरून. पहिल्याच कोसात डावा बूट चावला. नेतृत्व मधूनही करता येतं. मग उजवाही चावला. मागून करणं अधिक व्यापक दृष्टीचं. मागे पाण्याच्या टाकीची बैलगाडी होती. कोकिळाबाईंनी वळून पाहिलं, गाडी थांबवली अन गाडीवानाला म्हणाल्या, साहेबाले वर घे, नाही तं याहीची बी पाहनी करा लागन. घेतलं. हॅट कुठेतरी पडली होती. हैदरभाईंनी डोक्याला आपला रुमाल बांधून दिला. मांडीवर लोकांनी पऱ्हाट्या ठेवल्या.

कचेरीत बाईंनी आपलं झाड तहसीलदारांच्या टेबलावर ठेवलं. पानांचा चुरा टेबलभर. म्हणाल्या, गाडीवरून तुमाले दिसत नाही म्हनून आनून देल्लं. आता तुमचा मानूस पायी आला पाह्यजे. आमी इथून हालत नाही. तहसीलदार नियमावर बोलत राहिले, बाया बसून राहिल्या. दुपार कलली तसे तहसीलदारच दमले. तलाठी उद्या सकाळी पायी येईल, मुदत झाली तरी पाहणी धरू, हे सर्वांसमोर कबूल केलं. मी हे सगळं खिडकीपाशी लावलेल्या गाडीतूनच पाहिलं, ऐकलं. पाय बुटात जात नव्हते. घोषणा बसून दिल्या.

२५ नोव्हेंबर, बुधवार.

पहिल्या पानावर फोटो. मी मधोमध. खाली छापलंय: 'मोर्चात बैलगाडीतून सहभागी झालेले एक वयोवृद्ध शेतकरी.' मला बावन्नावं चालू आहे. पुष्पांजली म्हणाली, छान आलाय, चेहऱ्यावर लाल्याचं दुःख कसं दिसतंय. ते बुटाचं होतं.

हैदरभाईंचा फोन. काल तलाठी आला, पायी. कोकिळाबाई पुढे, तो मागे. एक धुरा सोडू दिला नाही. बाईंचे तीनही एकर नुकसानीत धरले. गाव मदतीत बसलं. म्हणे, थकला तं त्याले झऱ्यावर नेलं, पाय सोडून बसला दोन घंटे. लय थंड पानी हाये, गुर्जी, तुमी या कव्हा.

२८ नोव्हेंबर, शनिवार.

संपादकांचा फोन. 'पायवाट' मंजूर. कायमचा. पहिला लेख: धुऱ्याधुऱ्यानं पायी हिंडून पाहणी करणारा तलाठी. झऱ्याकाठचा फोटो त्यानं स्वतःच पाठवलाय. लिहायचा मी, वर त्याचं नाव, हुद्दा. म्हटलं, आणि माझं? म्हणाले, चालला कोण?

फोन आपटणार होतो. मोबाईल आहे हे या वेळी आधी आठवलं.

लेख लिहून पाठवला. भाषा उत्तम साधली आहे. सुरुवात अशी: पिंपळझिरा (वार्ताहर).