किल्लीला हात लावू नकोस

गुरुवार, १४ नोव्हेंबर
दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचं प्लास्टर मागच्या आठवड्यात निघालं. बोटं अजून नीट वळत नाहीत, पण चमचा धरते. आत्ता जेवून झोपली आहे, म्हणून लिहायला बसले.

पत्र कशाला, फोन करता येत नाही का, असं म्हणशील. येतो की. पण फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू "थांब थांब, मी सांगतो" म्हणतोस आणि मग अर्धा तास तूच सांगतोस. पत्राला मध्येच अडवता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

तर गाडी. तुझी जुनी गाडी, जी तू मला दिलीस आणि जी दिल्याचं तू आजवर निदान शंभर जणांना सांगितलंस. तिचं दुखणं सापडलं. तुला नाही सापडलं. तुझं गॅरेज, तुझी पंचवीस वर्षं, भिंतीवरची फ्रेम केलेली सर्टिफिकिटं, सगळं बाजूला राहिलं आणि आमच्या रस्त्याच्या टोकाला हातभर दुकानात बसणाऱ्या एका वायरिंगवाल्याने ते शोधून काढलं. सगळे त्याला करंटकाका म्हणतात. जाड भिंगांचा चष्मा, कानाला थोडं कमी. तुझ्या गॅरेजात तू त्याला पाना उचलायलासुद्धा ठेवला नसतास.

आधी उजळणी करते, कारण तुला ती सोयीस्कर तेवढीच आठवते. ऑगस्टपासून गाडी चालता चालता बंद पडायला लागली. आचका नाही, धूर नाही, आवाज नाही. कधी आठवड्यात दोनदा, कधी पंधरा दिवस काहीच नाही. मी कळवलं, तू आलास. पेट्रोलचा फिल्टर बदललास, प्लग बदललेस, दुसऱ्या खेपेला पंपच बदललास. दोन्ही वेळा तासभर फिरवून आणलीस आणि दारात उभा राहून तेच वाक्य: "माझ्या हातात कशी बंद पडत नाही?" गाडी तुला ताकास तूर लागू देत नव्हती आणि त्याचं खापर माझ्या डाव्या पायावर. मी क्लच चुकीचा सोडते म्हणे. मामाकडे सगळे जमले होते तेव्हा तू खुर्चीवर बसून माझी नक्कल करून दाखवलीस. स्टिअरिंगला कवटाळलेली, मान पुढे काढलेली मी. सगळे हसले. मीही हसले. तुझ्या नकलेपेक्षा मला माझ्या त्या हसण्याचा जास्त राग येतो.

चार वर्षं मी रोज सकाळी साडेसहाला ही गाडी काढते. घरोघर जाऊन रक्त घेते, नळ्या डब्यात लावते आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवते. लोकांच्या न सापडणाऱ्या शिरा मला अंधारातसुद्धा सापडतात. मला क्लच सोडता येत नाही, हे तू कोणाला सांगतोस?

करंटकाकांनी पहिला प्रश्न काय विचारला, ऐक. "बंद पडते तेव्हा समोरचे दिवे लागतात की विझतात?"

मी म्हटलं, "विझतात. सगळंच विझतं. काटेही खाली पडतात."

"मग पेट्रोलचा काय संबंध? पेट्रोल अडलं तर इंजिन बंद होतं, पण लाल दिवे उलट लागतात. इथे वीजच तुटतेय."

दादा, हे मी तुला सप्टेंबरमध्ये कळवलं होतं. मेसेज अजून आहे माझ्याकडे. "बंद पडताना समोर सगळं अंधारतं." त्यावर तू हसरं तोंड पाठवलंस आणि खाली लिहिलंस, "डोळे तपासून घे."

नंतर मला वाटलं, आता हे गाडी घेऊन जातील, फिरवतील, आणि येऊन म्हणतील काही नाही. ते बाजूच्या सीटवर बसले. "तुम्ही चालवा. तुमच्या हातात बंद पडते ना? मग तुमच्याच हातात बघायला पाहिजे." एवढी साधी गोष्ट. तीन महिन्यांत कोणाला सुचली नाही. आम्ही डेपोमागच्या उखडलेल्या रस्त्यावरून फेऱ्या मारत राहिलो. चाळिसाव्या मिनिटाला एका खड्ड्यात गाडी बंद पडली. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नसेल. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. पुढे वाकून माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याखाली नुसता तळहात धरला. समोरचे दिवे लागले.

"हे सगळं रोज इथे लटकतं?"

"हो."

"आणि तुमच्या भावाने चालवली तेव्हा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी दिलीस, पण दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवलीस. "असू दे, कधी लागली तर." दोन्ही वेळा मी जुडगा पुढे केला आणि तू म्हणालास, राहू दे, माझ्याकडे आहे. तुझी किल्ली एकटी. तिला साधी रिंगसुद्धा नाही. माझ्या जुडग्यात चौदा किल्ल्या. वर्षानुवर्षं ते ओझं लटकून आतला स्विच झिजला. खड्ड्यात जुडगा हिसकला की जोड सुटायचा. तुझ्या हातात सुटणार कसा? तुझ्या हातात काही नव्हतंच.

काका एकेक किल्ली काढत गेले आणि विचारत गेले. ही घराची. ही फाटकाची. ही लॅबच्या शटरची, ही तिथल्या फ्रिजची. या दोन पेशंटच्या घरच्या, त्यांना उठून दार उघडता येत नाही. ही शेजारच्या शिक्षिकाबाईंची. ही आईच्या औषधांच्या कपाटाची. मग एक पितळी, जाडजूड हातात आली. "ही?"

मी म्हटलं, "जुन्या ट्रंकेची."

आई उठली. उरलेलं उद्या.

शुक्रवार, दुपार

काल लिहिलेलं वाचलं. फाडावं असं एकदा वाटलं. फाडत नाही.

नवा स्विच बसवून झाला. आता गाडीला एकच किल्ली आहे, बाकीचा जुडगा पिशवीत. करंटकाकांना मी एक गोष्ट विचारली आणि विचारली नसती तर बरं झालं असतं. म्हटलं, पुलावर बंद पडली होती त्या दिवशी काय केलं असतं तर चालू झाली असती? ते म्हणाले, "काही नाही. किल्ली जराशी हलवली असती तरी झाली असती."

तो मंगळवार तुला आठवतो का? पुलाच्या मधोमध, सकाळी साडेआठ, मागे ट्रकांची रांग, डब्यात नऊ जणांचं रक्त. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "पुन्हा पुन्हा स्टार्टर मारशील आणि बॅटरी उतरवशील. किल्लीला हात लावू नकोस. गार होऊ दे." मी हात लावला नाही. वाहतूक पोलीस आला, त्याने चौघांना हाताशी घेऊन गाडी कडेला लावली आणि ओढायची गाडी येईपर्यंत जागचं हलायचं नाही, असं बजावलं. मी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केला तेव्हा तू वैतागलास. "एवढी कसली घाई आहे तुला?"

मी फोन ठेवला. दोन तास वीस मिनिटं मी त्या कठड्याला टेकून उभी होते आणि किल्ली माझ्यासमोर लटकत होती.

घाई कसली होती ते सांगते. तुला सांगितलं तशी आई बाथरूममध्ये घसरली नव्हती. मी स्वयंपाकघरात नव्हते. मी घरातच नव्हते. ती पितळी किल्ली ट्रंकेची नाही. आमच्याकडे ट्रंक नाहीच. ती आईच्या खोलीच्या कुलपाची आहे. बाहेरून लावायच्या.

तुला माहीत आहे, ती निघून जाते. माहीत म्हणजे मी सांगितलंय. बस स्टॉपवर एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात तिची चप्पल घालून उभी होती, ते सांगितलं तेव्हा तुला त्याचंही हसू आलं होतं. मी कामावर असते तेव्हा शिक्षिकाबाई येऊन बसतात. त्या आठवडाभर मुलीकडे गेल्या होत्या. मी तुला विचारलं होतं, आठ दिवस येतोस का. तू म्हणालास, सीझन आहे, बघतो. तुझं "बघतो" म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी कडी बसवून घेतली. आधी दोन दिवस सगळं निभावलं. अडीच-तीन तासांचा प्रश्न असायचा. डबा दिला की घरी, दार उघडायचं, ती झोपलेलीच असायची. मला त्याची सवय व्हायला लागली होती, दादा. हे लिहायला मला लाज वाटते, पण दार लावून निघाले की मला हलकं वाटायचं.

त्या दिवशी पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. आतून आवाज नव्हता. कुलूप काढताना किल्ली दोनदा खाली पडली. आई दाराशीच जमिनीवर बसली होती, मनगट मांडीवर धरून. स्टुलावर चढून वरची कडी शोधत होती, तिथून पडली. आतून कडीच नाही त्या दाराला. माझ्याकडे बघून म्हणाली, "किती वेळ बाहेर ताटकळलीस गं. मला दार उघडता येईना."

तिला वाटत होतं, मी बाहेर अडकले आहे. मनगट मोडलेलं, आणि ती तीन तास मला आत घ्यायला धडपडत होती. वर माझीच माफी मागत होती.

मी डॉक्टरला खोटं सांगितलं, तुला सांगितलं, शेजारी सांगितलं. तू विचारलंस, "तू घरात होतीस ना? मग पडलीच कशी?" तेव्हा मी गप्प बसले आणि तुला वाटलं, हिला बोलायला तोंड नाही. खरंच नव्हतं. तिला कोंडलं मी. ते तुझ्यावर ढकलत नाही. पण तिला माझ्या एकटीवर सोडून तू आपल्या गॅरेजात निवांत राहिलास, ते तुझं आहे. ते तू घे. चिडशील तर चीड. मी इतकी चिडले आहे की हे पत्र लिहिताना दोनदा कागद फाटला.

आता मुद्द्याचं. काल संध्याकाळी मी स्क्रू काढून कडी उखडली. दाराला चार भोकं राहिली आहेत, ती बुजवणार नाही. पण कडी काढली म्हणून आईचं निघून जाणं थांबत नाही आणि माझं काम सुटत नाही. शिक्षिकाबाईंना आता तीन तास झेपत नाहीत. त्या स्वतः सत्तरीच्या आहेत. पुन्हा एखाद्या सकाळी माझ्यावर तीच वेळ आली, तर मी पुन्हा कुलूप लावीन. मी माझ्याबद्दल एवढं आता ओळखते. म्हणून ती वेळ येऊ द्यायची नाही.

पुढच्या शनिवारी, २३ तारखेला, सकाळी सात वाजता आम्ही दोघी निघतो. मी चालवणार. दहा-साडेदहापर्यंत तुमच्याकडे. वरच्या खोलीत तू टायर रचून ठेवले आहेत ते त्याआधी हलव. आई तीन महिने तुमच्याकडे राहील, मग तीन महिने माझ्याकडे, आणि असंच पुढे. जागा बदललेली तिला मानवत नाही म्हणशील. कोंडलेलंही मानवत नाही. सीझन आहे म्हणशील. माझ्याकडे लोकांचं रक्त बारा महिने असतं.

रात्री ती दोनदा उठते. हाक मारली तर परत येते, हात धरला तर चिडते. गोळ्यांची चिठ्ठी मी लिहून आणीन. तुला ती ओळखेलच असं नाही. नाही ओळखलं तर नक्कल करून हसवू नकोस, नुसतं नाव सांग.

आणि फोन करून "येऊ नकोस" म्हणायचं असेल, तर ते मला नको सांगूस. आम्ही आलो की दारात उभा राहून तिला सांग.

आई जिच्याकडे "अगदी सुखात आहे" असं तू सगळ्यांना सांगतोस, ती
तुझी धाकटी बहीण