उघडं कपाळ

गिरगाव, १७ जानेवारी १९८४

चि. सौ. सुभद्रा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या भुवयांमध्ये पांढरा डाग पडल्याचं तुझे दादा सांगत होते. कार्डावर लिहीत नाही. तुमच्या चाळीत कार्ड तुझ्याआधी चार जणी वाचतात. ते कोड नव्हे. आमच्या शाळेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुट्या कुंकवातल्या रंगाने असं होतं, टिकलीच्या डिंकानेही होतं. ती पुडी फेकून दे. डाग भरेपर्यंत कपाळाला काही लावायचं नाही; पुढे मी हळदीचं कुंकू आणून देईन. इतकं सोपं आहे.

लोभ आहेच, तुझी शैलावहिनी

लालबाग, २१ जानेवारी

ती. सौ. वहिनीस शि. सा. नमस्कार.

सोपं तुम्हाला, वहिनी. संपात गिरणी गेली तसे हे गावी आहेत, महिनाभर पत्र नाही. मी उघड्या कपाळाने नळावर गेले तर बायका काय समजतील? सासूबाई म्हणाल्या, माझा लेक जिता आहे, त्याला घरात बसून मारू नकोस. म्हणून डागावरच लावते. आग होते, डाग पसरतो आहे.

पुढल्या रविवारी, २९ तारखेला, आमच्याकडे हळदीकुंकू आहे. तुम्हीच तशा या ना! दादा धडधाकट आहेत हे सासूबाईंना ठाऊक आहे. तुम्हाला बघून त्या गप्प बसतील, मग मीही पुसेन.

माया असू द्या. सुभद्रा

गिरगाव, २४ जानेवारी

चि. सौ. सुभद्रा हिस आशीर्वाद.

तशीच येते. शब्द देते. तुझ्या सासूबाईंशी, जाईबाईंशी, मी बोलेन.

शैलावहिनी

गिरगाव, ३० जानेवारी

चि. सुभद्रा हिस,

काल काय झालं ते मीच लिहिते. घरातून तशीच निघाले होते. जिन्याशी तुमच्या चाळीतल्या मंजुळाबाईंनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, कधी गेले? मी हसून सांगायला हवं होतं. त्या वर गेल्यावर पर्समधून टिकली काढून लावली. टिकल्या पर्समध्ये मीच ठेवल्या होत्या, तुला शब्द दिला त्याच दिवशी. वर तू माझ्या टिकलीकडे पाहिलंस आणि करंडा पुढे केलास. मी मान खाली घातली. तुला शिकवायला निघालेली मी.

रागावली असशील तर तसं लिही.

शैला

लालबाग, २ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस शि. सा. नमस्कार.

राग कसला? इतके दिवस वाटायचं, मी अडाणी म्हणून भिते. आता तसं वाटत नाही. सासूबाई तर खूश आहेत, तुमचं नाव घेऊन मला समजावतात. कुंकू लावतेच आहे. हळदीचं आणायची घाई नको.

आठवण ठेवा. सुभद्रा

गिरगाव, ६ फेब्रुवारी

चि. सौ. सुभद्रा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आरशासमोर उभं राहवेना. माझं नाव घेऊन तुझं कपाळ जाळलं जातंय.

आज शाळेत उघड्या कपाळाने गेले. शिपाईबाईंनी विचारलंच. सांगताना जीभ अडखळली, पण तुझे दादा धडधाकट आहेत हे सांगितलं. पर्स घरीच ठेवली होती. रविवारी तुमच्या नळाला पाणी येईल तेव्हा बादली घेऊन तुझ्याबरोबर उभी राहीन. मंजुळाबाईंना यायला सांग, जाईबाईंनाही. या खेपेला शब्द देत नाही. येते.

तुझी शैलावहिनी